कुत्र्याची केसगळती : कमी खर्चात घरच्या घरी काय करता येते

आमच्या घरात दोन कुत्री आहेत. शेरू हा नऊ वर्षांचा पिवळसर लॅब्राडोर आणि चिंगी ही रस्त्यावरून आणलेली, आखूड केसांची देशी कुत्री. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून तिरपे ऊन आत आले, की दिवाणाखाली, दाराच्या फटीपाशी आणि फ्रिजच्या कडेला केसांचे पुंजके साचलेले दिसतात आणि कोणी जवळून गेले, तरी ते हलके होऊन पुढे सरकतात. पहिली दोन वर्षे मी हे केस फरशीवरून गोळा करण्यात वेळ घालवला आणि त्यासाठी निरनिराळी साधने विकत घेतली. त्यातली बहुतेक आता माळ्यावर पडून आहेत. केस अंगावरून सुटून घरभर पसरल्यावर त्यांच्यामागे धावण्यापेक्षा ते कुत्र्याच्या अंगावर असतानाच काढून घेणे सोपे असते, स्वस्त असते आणि कुत्र्यालाही ते मानवते, ही साधी गोष्ट मला उशिरा कळली. पुढे जे लिहिले आहे त्याचा सगळा भर या एकाच गोष्टीवर आहे.

आधी एक समजून घेतले पाहिजे की केस गळणे हा आजार नाही. प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग वाढ थांबून तो मुळाशी नुसता टिकून राहतो आणि खालून नवा केस येऊ लागला की गळून पडतो. हे चक्र मुख्यतः दिवसाच्या लांबीवर चालते. थंड प्रदेशात उन्हाळा-हिवाळ्यातील दिवसांच्या लांबीत मोठा फरक असल्यामुळे तिथली कुत्री वर्षातून दोनदा भरभरून केस टाकतात. पुण्यात मात्र वर्षातला सर्वांत लहान दिवस साधारण 11 तासांचा आणि सर्वांत मोठा साधारण सव्वातेरा तासांचा असतो. शिवाय घरातले कुत्रे रात्री उशिरापर्यंत दिव्याच्या उजेडात वावरते. त्यामुळे आपल्याकडे केस बाराही महिने थोडे थोडे गळत राहतात आणि थंडी सरताना व पावसाळ्यानंतर त्यांचे प्रमाण वाढलेले जाणवते. पिल्ले झाल्यावर किंवा माज येऊन गेल्यानंतर कुत्रीचे केस जास्त गळतात, आणि दवाखान्याच्या टेबलावर घाबरून उभ्या असलेल्या कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवला तर मूठभर केस हातात येतात, हेही स्वाभाविक आहे.

आपल्या कुत्र्याचे केस कोणत्या प्रकारचे आहेत ते ओळखणे ही पुढची पायरी आहे, कारण साधन त्यावरूनच ठरते. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर आणि आपल्याकडे पॉमेरेनियन म्हणून विकला जाणारा इंडियन स्पिट्झ यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा थर राठ केसांचा असतो आणि आत कापसासारखी मऊ, दाट लव असते. पुंजके होतात ते या लवेचे. कुत्र्याच्या मांडीवरचे केस दोन्ही अंगठ्यांनी बाजूला सारून पाहा. मुळाशी फिकट रंगाची मऊ लव दिसली, तर केस दोन थरांचे आहेत असे समजावे. देशी कुत्र्याचे किंवा मराठवाड्यातील कारवानी कुत्र्याचे केस आखूड आणि अंगासरशी बसलेले असतात. ते गळतात कमी, पण सुईसारखे सरळ असल्यामुळे गादीच्या आणि सोफ्याच्या कापडात टोचून बसतात. चिंगीचा एक केस सोफ्यातून उपटताना जेवढा त्रास होतो, तेवढा शेरूचा अख्खा पुंजका उचलताना होत नाही. शिह त्झू, ल्हासा आप्सो आणि पूडल यांचे केस गळताना फारसे दिसत नाहीत, पण ते वाढत राहतात आणि त्यांच्या गाठी होतात. त्यामुळे त्यांची निगा वेगळी असते आणि तो या लेखाचा विषय नाही.

रोजची दहा मिनिटे

साधनांवर फार खर्च करण्याची गरज नाही. आखूड केसांसाठी बोथट रबरी दातांचा, तळहातात मावणारा ब्रश पुरेसा असतो आणि तो 100 ते 200 रुपयांच्या आसपास मिळतो. तोही घ्यायचा नसेल, तर भांडी घासण्याचे खरखरीत तळव्याचे रबरी हातमोजे हातात घालून कुत्र्याच्या अंगावरून फिरवले तरी केस त्यांना चिकटून येतात. दोन थरांच्या केसांसाठी बारीक वाकड्या तारांचा चौकोनी ब्रश किंवा दात लांब आणि विरळ असलेला धातूचा कंगवा लागतो, कारण रबराचे दात आतल्या लवेपर्यंत पोहोचत नाहीत. तारांचा ब्रश घेताना तो आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर हलक्या हाताने ओढून पाहावा. आपल्याला ओरखडा उठला, तर कुत्र्यालाही उठणार. बाजारात पात्याचे, 'केसगळती 90 टक्के कमी' असे लिहिलेले महागडे कंगवे मिळतात. ते लव भराभर काढतात हे खरे, पण रोज आणि जोर लावून वापरले तर वरचे राठ केसही तुटतात आणि त्वचा सोलवटते. असा कंगवा घरात असेलच, तर केस भरपूर गळण्याच्या दिवसांत आठवड्यातून एकदा, तोही हलक्या हाताने वापरावा. मुद्दाम विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक साधन बहुतेक मराठी घरांत आधीपासूनच असते, ते म्हणजे उवा काढण्याची फणी. आमच्याकडे तिचा उपयोग केस काढण्यासाठी होत नाही, तर तपासणीसाठी होतो. मानेमागे आणि शेपटीच्या मुळाशी फणी त्वचेलगत फिरवली, की पिसवा आणि काळे कण दातांत अडकून येतात. ते कण ओल्या पांढऱ्या कापसावर टाकून मिनिटभर थांबावे. कणाभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त असते. डाग पसरला नाही, तर ती साधी माती समजावी. (कुत्र्यासाठी वापरलेली फणी वेगळी ठेवावी, हे सांगायला नकोच.)

विंचरण्याची जागा आणि वेळ ठरलेली असावी. आम्ही संध्याकाळी फिरून आल्यावर, जेवणाआधी बाल्कनीत जुनी सुती चादर अंथरतो. पंखा चालू असेल तर काढलेले केस परत घरातच पसरतात, म्हणून तो आधी बंद करतो. कपड्यांवर पाणी मारण्याच्या बाटलीने शेरूच्या पाठीवर जेमतेम दोन-तीन फवारे मारले, की केस उडत नाहीत आणि कोरड्या हवेत ते चिकटण्याचा त्रासही कमी होतो. अंग ओले होऊ द्यायचे नाही, कारण ओली लव एकमेकींत गुंतते. मग मानेपासून सुरुवात करून केसांच्या दिशेने, लहान लहान फटकाऱ्यांनी खाली यावे. एका हाताने वरचे केस उलटे धरून ठेवावेत आणि त्यांच्या खालची एक-एक ओळ विंचरावी, म्हणजे ब्रश वरवर न फिरता मुळाशी जातो. सर्वांत जास्त लव मानेच्या घोळात, मांड्यांच्या मागच्या बाजूला आणि शेपटीच्या मुळाशी साचते, तेव्हा अर्धा वेळ तिथेच द्यावा. पोट, काखा आणि कानांमागची त्वचा पातळ असते, तिथे तारांचा ब्रश न लावता रबरी ब्रश किंवा नुसता हात पुरतो. शेवटी पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले जाडसर फडके मानेपासून शेपटीपर्यंत एकदा फिरवले, की सुटलेले आणि अडकून राहिलेले उरलेसुरले केसही निघून येतात.

ज्या कुत्र्याला ब्रशची सवय नाही, त्याला पहिल्याच दिवशी दहा मिनिटे धरून ठेवू नये. ब्रश नुसता हुंगू द्यावा, चार फटकारे मारावेत, उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा द्यावा आणि थांबावे. चिंगीला आधीच्या आयुष्यात कोणी काठी दाखवली असावी. हातात कोणतीही वस्तू दिसली की ती दिवाणाखाली जाऊन बसायची. तिच्यासाठी ब्रश तीन आठवडे बाजूला ठेवून मी नुसत्या तळहाताने तिचे केस काढले आणि मग एके दिवशी त्याच हातात रबरी मोजा चढवला. आता चादर अंथरल्याचा आवाज आला, की ती शेरूच्या आधी येऊन बसते. रोज जमले तर उत्तमच, पण आखूड केसांच्या कुत्र्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदाही चालते. दोन थरांच्या केसांना मात्र गळतीच्या दिवसांत खाडा करू नये. आठ दिवसांचा खाडा पडला, तर पुढच्या आठवड्यात फरशी लगेच दाखवून देते.

अंघोळ

केस गळतात म्हणून वारंवार अंघोळ घालणे ही उलट्या दिशेची वाट आहे. साबणाने त्वचेवरचे तेल निघून जाते, त्वचा कोरडी पडते, खाज सुटते आणि खाजवण्याने केस आणखी गळतात. निरोगी कुत्र्याला तीन-चार आठवड्यांतून एकदा अंघोळ पुरते. माणसाच्या त्वचेचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) किंचित आम्ल असतो आणि कुत्र्याच्या त्वचेचा त्यापेक्षा वरचा, उदासीनतेच्या जवळचा असतो. म्हणून आपला शाम्पू, अंगाचा साबण किंवा कपडे धुण्याचा साबण त्याला लावू नये. जंतुनाशक द्रव, फिनेल, रॉकेल, तंबाखूचे पाणी असे उपाय अजूनही सांगितले जातात. ते कुत्रा चाटतो आणि त्यातून विषबाधा होऊ शकते, तेव्हा त्या वाटेला अजिबात जाऊ नये.

कुत्र्याचा शाम्पू महाग वाटतो, कारण आपण तो थेट अंगावर ओततो. जुन्या बाटलीच्या झाकणाला तापलेल्या सुईने भोके पाडावीत आणि एक भाग शाम्पूत आठ ते दहा भाग कोमट पाणी मिसळून बाटली हलवावी. असे पातळ द्रावण मुळापर्यंत सहज पोहोचते, धुऊनही लवकर निघते आणि एक लहान बाटली कितीतरी महिने जाते. औषधी शाम्पू मात्र बाटलीवर किंवा डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच वापरावा, तो मनाने पातळ करू नये. पाणी मिसळलेले द्रावण त्याच दिवशी संपवावे, उरले तर ओतून द्यावे, कारण साठवलेल्या पातळ शाम्पूत जंतू वाढतात आणि पुढच्या वेळी तेच त्वचेवर जातात.

अंघोळीआधी कोरडे विंचरणे अत्यावश्यक आहे, नाहीतर सुटलेली लव भिजून आतल्या आत गोळा होते. फेस झाल्यावर रबरी ब्रश पाच मिनिटे गोल फिरवावा. वर्षातल्या कोणत्याही एका बैठकीत जेवढे केस निघत नाहीत, तेवढे या पाच मिनिटांत निघतात. त्याआधी मोरीच्या जाळीवर जुन्या पायमोज्याचा तुकडा किंवा नायलॉनची जाळी ठेवावी. आम्ही हे न केल्यामुळे एकदा प्लंबर बोलवावा लागला होता, आणि त्याने तारेने ओढून काढलेली केसांची दोरी हातभर लांब होती. अंग धुताना पाणी स्वच्छ येऊ लागेपर्यंत धुवावे, कारण राहून गेलेला शाम्पू हेही खाजेचे एक कारण असते. पुसायला जाड टॉवेलपेक्षा जुने सुती धोतर किंवा मऊ झालेली सुती साडी चांगली, कारण ती पाणी पटकन टिपते आणि पिळून पुन्हा वापरता येते. पावसाळ्यात सकाळीच अंघोळ घालावी आणि पंख्याखाली लव मुळापर्यंत सुकेल याची खात्री करावी. वरून कोरडा दिसणारा लॅब्राडोर आतून ओला राहिला, तर दोन दिवसांत कानामागे किंवा मांडीवर लाल, ओलसर, दुखरा चट्टा उठतो आणि त्याच्या औषधाला ब्रश, शाम्पू आणि टॉवेल यांच्या एकूण किमतीपेक्षा जास्त पैसे लागतात.

केस भादरू नयेत

ही चूक मी केली आहे, म्हणून ती वेगळी सांगतो. शेरू तीन वर्षांचा असताना एप्रिलच्या उकाड्यात त्याला बरे वाटेल आणि घरही स्वच्छ राहील, अशा समजुतीने मी त्याला एका दुकानात नेऊन मशीनने त्याचे केस अगदी त्वचेपर्यंत उतरवून घेतले. दुकानदाराने अडवले नाही आणि मीही काही विचारले नाही. पहिला आठवडा फरशी खरोखरच स्वच्छ होती. मग पाठीवरची त्वचा उन्हाने लाल झाली, आणि केस परत आले तेव्हा आतली लव आधी आणि दाट आली, तर वरचे राठ केस मागे राहिले. वर्षभर त्याच्या पाठीवर मळकट लोकरीसारखे ठिगळ दिसत होते आणि गळतीही आधीपेक्षा जास्त होती. दोन थरांचे केस उन्हाळ्यात अंगाला बाहेरच्या तापापासून आणि प्रखर उन्हापासून वाचवतात. कुत्रा थंड होतो तो मुख्यतः धापा टाकून. त्याला गारवा द्यायचा असेल, तर आतली सुटलेली लव विंचरून काढावी म्हणजे हवा खेळते, फरशीवर ओले गोणपाट अंथरावे, पाण्याचे भांडे भरलेले ठेवावे आणि दुपारचे फिरणे बंद करावे. त्वचारोगात किंवा शस्त्रक्रियेसाठी डॉक्टर केस काढतात, ती गोष्ट वेगळी.

खाणे

केस हे जवळजवळ सगळेच प्रथिनांचे बनलेले असतात आणि शरीराला मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा वाटा त्वचा व केस यांच्याकडे जातो. हे लक्षात घेतले, की आपल्याकडच्या अनेक कुत्र्यांचे केस राठ, निस्तेज आणि सतत गळणारे का असतात ते समजते. दूध-पोळी किंवा दूध-भात हे कुत्र्याचे पूर्ण जेवण, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. ती प्रेमापोटी आहे, पण त्या जेवणात कुत्र्याला लागणारी प्रथिने आणि आवश्यक स्निग्धाम्ले (तेला-चरबीतले घटक) पुरेशी नसतात, आणि बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचतही नाही. ब्रशवर वाचवलेला पैसा कुठे घालावा असे कोणी विचारले, तर मी खाण्याकडे बोट दाखवेन.

तयार खाद्य देत असाल, तर पाकिटावर ते वयानुसार 'संपूर्ण आणि संतुलित' आहे का आणि पहिल्या घटकांत प्राणिज प्रथिन आहे का ते पाहावे. घरचे देत असाल, तर भात किंवा पोळीचे प्रमाण कमी करून उकडलेले चिकन, अंडे आणि मासे वाढवावेत, आणि पूर्णपणे घरच्याच जेवणावर ठेवायचे असेल तर कॅल्शियम व इतर पूरक घटकांबद्दल पशुवैद्याचा सल्ला एकदा अवश्य घ्यावा. अंडे उकडूनच द्यावे. कच्च्या पांढऱ्या बलकातील एव्हिडिन हा घटक बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून ठेवतो, आणि बायोटिन तर त्वचेसाठीच लागते. वीस-पंचवीस किलोच्या कुत्र्याला दिवसाआड एक अंडे सहज चालते. कोंबडीची शिजवलेली हाडे कधीही देऊ नयेत, ती चिरफाळतात.

स्निग्धाम्लांसाठी महागड्या बाटल्या घेण्याआधी स्वयंपाकघरात पाहावे. पारंपरिक करडईच्या तेलात लिनोलेइक आम्लाचे प्रमाण खूप जास्त असते आणि कुत्र्याच्या केसांची तकाकी नेमकी त्यावरच अवलंबून असते. मध्यम आकाराच्या कुत्र्याला रोजच्या जेवणावर एक लहान चमचा कच्चे तेल पुरे. जास्त दिले तर जुलाब होतात आणि स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. ओमेगा-3 साठी जवसाचे नाव घेतले जाते, पण जवसातले ओमेगा-3 कुत्र्याचे शरीर उपयोगी स्वरूपात फार थोडे बदलू शकते. त्यापेक्षा तारली आणि बांगडा हे आपल्या किनाऱ्यावरचे स्वस्त मासे कितीतरी उपयोगी. आम्ही आठवड्यातून दोनदा तारली मीठ-मसाला न घालता कुकरमध्ये भरपूर शिजवतो, बांगड्याचे काटे मात्र हाताने काढून टाकतो. माशाच्या वासाबद्दल शाकाहारी शेजाऱ्यांची आधीच माफी मागून ठेवली आहे आणि त्यांनीही ते समजून घेतले आहे.

कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशींना घातक असतात, म्हणून आपल्या ताटातली आमटी, रस्सा किंवा फोडणीचा भात त्याला देऊ नये. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंडाला अपाय करतात, तेव्हा शिऱ्यातला बेदाणाही नको. खाण्यातल्या बदलाचा परिणाम केसांवर दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत काही फरक दिसला नाही म्हणून बदल सोडून देऊ नये.

डॉक्टरांकडे केव्हा न्यावे

अंगभर सारखे केस गळत असतील, त्वचा स्वच्छ असेल आणि कुत्रा खाजवत नसेल, तर काळजी नको. केस चकत्या पडून जात असतील, त्वचा लाल, काळसर किंवा खवलेदार झाली असेल, अंगाला आंबूस वास येत असेल, कुत्रा पंजे सतत चाटत असेल किंवा रात्री खाजेने उठत असेल, तर घरगुती उपाय थांबवावेत. दोन्ही कुशींवरचे केस सारख्याच आकारात विरळ होणे, शेपटी उघडी पडणे, कमी खाऊनही वजन वाढणे आणि कुत्रा मंद होणे ही लक्षणे एकत्र दिसली, तर थायरॉईडची तपासणी करावी लागते. नायटा आणि एका प्रकारची खरूज कुत्र्यापासून माणसाला होऊ शकते, म्हणून घरात लहान मूल असेल तर एक दिवसही उशीर करू नये.

गोचिडांकडे केवळ खाजेचे कारण म्हणून पाहू नये. तांबूस रंगाची कुत्र्यावरची गोचीड एर्लिकियोसिस हा गोचीड-ताप पसरवते आणि तो जीवघेणा ठरू शकतो. कान, बोटांच्या बेचक्या आणि गळपट्ट्याखालची जागा विंचरतानाच चाचपावी. गोचिडांचे औषध वजन करून, डॉक्टरांना विचारून घ्यावे. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलेले औषध कुत्र्यालाही लावू नये, मांजराला ते प्राणघातक असते. गुरांसाठीचे इंजेक्शन कोणाच्या सांगण्यावरून कुत्र्याला टोचण्याचा प्रकार खेड्यापाड्यांत आजही चालतो, तो अतिशय धोक्याचा आहे.

खासगी दवाखान्याचा खर्च परवडत नसेल, तर शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात नाममात्र शुल्कात तपासणी होते. मुंबईत परळला आणि नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि त्यांच्या दवाखान्यांत विद्यार्थी शिकत असल्यामुळे तपासणी सावकाश आणि बारकाईने होते, असा माझा अनुभव आहे. त्वचा हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची चाचणी फार खर्चाची नसते, पण महिनोन् महिने चुकीची मलमे लावण्याचा खर्च ती वाचवते.

घरातले केस

इतके केल्यावरही थोडे केस घरात पडणारच. कोरड्या केरसुणीने किंवा फूलझाडूने ते उडतात आणि झाडणाऱ्याच्या नाकातोंडात जातात. आधी किंचित ओलसर, घट्ट पिळलेले फडके फरशीवरून एकाच दिशेने ओढत न्यावे, केस त्याच्या पुढे वळकटीसारखे गोळा होतात. ते उचलून मग नेहमीसारखी फरशी पुसावी. सतरंजी आणि गालिच्यासाठी बाथरूमचा रबरी पट्टीचा वायपर कोरडाच वापरावा. तो आखूड झटक्यांनी स्वतःकडे ओढला, की व्हॅक्यूम क्लीनरला दाद न देणारे केसही वर येतात. सोफ्यासाठी तेच भांडी घासण्याचे रबरी हातमोजे थोडे ओलसर करून वापरावेत. कपड्यांवरचे केस पॅकिंगची चिकटपट्टी हाताला उलटी गुंडाळून टिपता येतात, वेगळा रोलर घ्यायला नको.

कुत्र्याची बसण्याची जागा ठरवून दिली, तर निम्मे केस तिथेच राहतात. त्या जागी घट्ट विणीची सुती चादर किंवा जुनी गोधडी घालावी, कारण लोकरी आणि नायलॉनच्या कापडाला केस चिकटून बसतात. ती धुण्याआधी कोरडी असतानाच झटकावी, मात्र खालच्या मजल्यावर शेजाऱ्यांचे कपडे वाळत घातलेले नाहीत हे पाहून. मग गरम पाण्यात, इतर कपड्यांपासून वेगळी धुवावी, आणि मशीनची गाळणी प्रत्येक वेळी साफ करावी. ओले केस मशीनमध्ये गेले की पंप अडतो. महिन्यातून एकदा फ्रिजच्या मागची जाळी, पंख्याची पाती आणि एसीची गाळणी पाहावी, कारण तिथे साचलेले केस वीज खातात.

घरात कोणाला कुत्र्याची ॲलर्जी असेल, तर ती केसांपेक्षा त्वचेच्या कोंड्यातील आणि लाळेतील प्रथिनांची असते. त्या माणसाने विंचरण्याचे काम करू नये आणि कुत्र्याला निजायच्या खोलीत घेऊ नये. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. केर-फरशीला येणाऱ्या मावशींच्या कामात आपल्या कुत्र्यामुळे भर पडते. पुंजके आपण आधी उचलून ठेवावेत, किंवा त्या जास्तीच्या कामाचे पैसे वेगळे द्यावेत. कमी खर्चाचा हिशेब त्यांच्या श्रमांवर बसवू नये.

विंचरून निघालेले केस बाल्कनीतून सोडून देऊ नयेत. पक्ष्यांच्या घरट्याला उपयोगी पडतील म्हणून काही जण ते झाडावर ठेवतात, पण गोचीड-पिसवांचे औषध लावलेल्या कुत्र्याच्या केसांत त्याचे अंश राहतात आणि ते पिल्लांना अपायकारक ठरू शकतात. अंगावर औषध लावलेले नसेल, तर हे केस कुंडीतल्या किंवा गच्चीवरच्या कंपोस्टमध्ये पातळ थर देऊन, पालापाचोळ्यात मिसळून घालता येतात. त्यांत नत्र भरपूर असते, पण ते कुजायला बरेच महिने घेतात, म्हणून जाड गोळा टाकू नये. औषध लावले असेल, तर कागदात गुंडाळून कचऱ्यात द्यावेत. आमच्या बाल्कनीत त्यासाठी झाकणाचा एक जुना डबा ठेवलेला आहे, आणि संध्याकाळी चादर गोळा करून झाली की त्या दिवसाचे केस त्यात जातात.